तिसरी अवसरी

नाशिपाईने माझ्यासाठी घर बांधलं आहे, ही बातमी आली तेव्हा मी पडवीत बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होते. माझी नात हर्षाली पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे फोन तिच्या हातात कायमच असतो. त्या दिवशी तिने तो माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "आजी, तू तिथून निघताना नेमकं काय सांगून आलीस?"

फोनमध्ये एक बसकं, लांबट, मातीचं घर दिसत होतं. दार एवढंसं, वाकूनच आत जावं लागेल असं. दाराशी नाशिपाई उभी होती. गळ्यात मण्यांच्या चकत्या आणि हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. तिने घराकडे बोट केलं, मग माझ्याकडे केलं, मग पुन्हा घराकडे.

नाशिपाई कोण ते आधी सांगते. मंचरचा गोकुळ वीस वर्षं अष्टविनायक आणि भीमाशंकरच्या सहली काढायचा. मागच्या माघात त्याने 'आफ्रिका दर्शन' काढलं. माझ्या मुलाने, अमृतने, स्वतःचं आणि सुनेचं नाव घातलं होतं, पण कांदा काढणीला आला आणि त्या दोन जागांवर मला नि हर्षालीला बसवण्यात आलं. आम्ही बावीस जण होतो. बहुतेक आमच्याच अवसरी बुद्रुकचे, दोघी-तिघी शेजारच्या अवसरी खुर्दच्या. बरोबर आचारी, पिठल्याचं पीठ आणि ठेच्याची बरणी.

गोकुळला सहल काढायची एकच रीत ठाऊक. केनियातही तो सकाळी गाडीत चढताना मोरया म्हणायला लावायचा. पहिला सिंह दिसला तेव्हा तो झाडाखाली लोळत होता. सगळे उभे राहून बघायला लागले, तर गोकुळ मागून म्हणाला, दर्शन घ्या आणि पुढं सरका, मागच्या माणसांना बघू द्या. सवयीने सगळे सरकले. आमच्या आळीतल्या कुशाबाईने तर हातही जोडले.

ड्रायव्हर तीन दिवस बिबट्या शोधत होता. तो दिसणं म्हणजे फार मोठं भाग्य, असं तो पुनःपुन्हा सांगायचा. आम्ही ऐकून घ्यायचो. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बिबट्या दाखवायला विमानाने नेणं म्हणजे काय, ते त्याला कोण सांगणार? कुशाबाईच्या गोठ्यातून वर्षात दोन शेळ्या गेलेल्या. तिसऱ्या दिवशी तो एका फांदीवर पाय सोडून बसलेला सापडला. आसपास दहाबारा गाड्या, त्यातले गोरे लोक श्वास रोखून उभे, ड्रायव्हरने ओठावर बोट ठेवलेलं. तेवढ्यात कुशाबाईने जेवणाचा स्टीलचा डबा काढला आणि चमच्याने बडवायला सुरुवात केली. झालं. आम्ही बावीसच्या बावीस जण, घरी उसाच्या कडेला ओरडतो तसे ओरडायला लागलो. बिबट्या कुठे गेला ते कळलंही नाही. ड्रायव्हरने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. गोकुळ त्याच्या पाठीवर हात फिरवत मराठीत समजावत होता, की भाऊ, आमच्यात असंच करत्यात.

त्यानंतर दोन दिवस आमची सोय मसाई लोकांच्या वस्त्यांवर होती. आम्हा सहा बायांना आणि हर्षालीला नाशिपाईच्या वस्तीवर उतरवलं. काट्यांच्या गोल कुंपणात दहाबारा घरं आणि मध्ये गुरं. नाशिपाई वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, माझ्याच वयाची असेल. तिची मुलगी रेसियान शाळेत शिकवते. नाशिपाई तिच्या भाषेत बोलायची, रेसियान ते इंग्रजीत हर्षालीला सांगायची, हर्षाली मला मराठीत. बोलणं असं तीन ओढे ओलांडून यायचं. तरी फार काही वाहून जायचं नाही.

एक अडचण मात्र झाली. त्यांच्यात नमस्काराला 'सोपा' म्हणतात. आमच्या मालकांचं नाव सोपान. उखाण्याशिवाय मी ते कधी तोंडाने उच्चारलं नाही, ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी नाही. मग अर्धं तरी कसं घ्यायचं? म्हणून पहिला नमस्कार नेहमी नाशिपाईनेच करायचा आणि मी 'इपा' असं उत्तर द्यायचं, असं आपोआप ठरून गेलं. तिला वाटलं असेल, बाई मानी आहे.

तिथे घरं बायका बांधतात. काठ्या बायकाच आणतात, सारवतातही बायकाच. दुसऱ्या दिवशी नाशिपाई तिच्या घराची भिंत सारवायला बसली आणि मी न विचारता बाह्या वर केल्या. अमृतने घरात फरशी बसवल्यापासून माझ्या हाताला शेण लागलं नव्हतं. सुनेला वास चालत नाही. तिथे मी दुपारपर्यंत सारवत होते. नाशिपाई मध्येच थांबून माझा हात बघायची आणि मान हलवायची.

निघताना मी तिला म्हटलं, "येते हं."

हर्षालीने ते सांगितलं, रेसियानने पुढे सांगितलं. नाशिपाईने विचारलं, कधी? आपल्याकडे कुणी कधी येणार असं विचारलं, की जे म्हणायचं असतं तेच मी म्हणाले. पाऊसपाणी झालं की येते. नाशिपाईने माझ्या तळहातावर हलकंसं थुंकून तो मिटवला. हा आशीर्वाद असतो, असं रेसियानने सांगितलं. मी डोळे पुसत गाडीत बसले आणि अवसरीला आल्यावर आठ दिवसांत सगळं विसरले.

तिकडचा पाऊस आपल्या चैत्र-वैशाखातच होऊन जातो. ज्येष्ठात आमच्याकडे पेरणीची धांदल चालू असताना नाशिपाईचं पाऊसपाणी झालं होतं, घर उभं होतं आणि ती वाट बघत होती.

हर्षालीला मी सांगितलं, की अगं, तसं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. ती म्हणाली, मग मी त्याचं काय भाषांतर करायला पाहिजे होतं?

तेवढ्यात रेसियानने फोन जरा फिरवला. माझ्या घराच्या पलीकडे काठ्यांचे आणखी पाच सांगाडे उभे होते. हर्षालीने हळूच विचारलं, ही कुणाची? रेसियानने शांतपणे एकेक सांगितलं. निघताना साळुबाईही 'येते' म्हणाली होती. कुशाबाई 'येते की, दिवाळीला' म्हणाली होती. एकीने पोराचं लग्न झालं की येते म्हटलं होतं, दुसरीने गुडघ्याचं ऑपरेशन झालं की, तिसरीने नातू झाला की. नाशिपाईने त्या क्रमाने घरं धरली होती. दिवाळी नेमकी कोणत्या महिन्यात येते आणि मुलाला मुलगी मिळाली का, एवढं तिला कळायला हवं होतं.

गावात हे तासाभरात पसरलं. साळुबाई माझी चुलत जाऊ, शेजारीच राहते. तिचा नवरा जानकू. गावात कुणाचीही वाटणी असो, जानकूभावजी टेप घेऊन हजर. ते टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलले, "वहिनी, ते घर तुमच्या एकटीच्या नावावर चढलं, का सामायिक हाय?"

मी म्हटलं, भावजी, ते शेणाचं आहे.

"शेणाचं का आसंना. उतारा तर आसंल."

मी सांगितलं की तिथे उतारा नसतो, घर बांधणाऱ्या बाईचं असतं. हे ऐकून ते फार अस्वस्थ झाले. मग घर नाशिपाईबाईचं, जागा त्यांच्या पंचांची आणि राहणार आमच्या बाया, तर मग वहिवाट कुणाची, असा त्यांचा प्रश्न. संध्याकाळी मारुतीच्या पारावर भावकी बसली. सहा घरांपैकी चार एकाच आडनावाची निघाल्यामुळे दोन घरांमधून बोळ किती फुटांचा सोडायचा, यावर दोन माणसं उठून गेली. कुणी म्हणालं, नवी वस्ती बुद्रुकमध्ये धरायची की खुर्दमध्ये? दुसऱ्या दिवशी अवसरी खुर्दचे चार जण मोटारसायकलींवर आले. सहातली एक बाई त्यांची होती, तेव्हा नाव परस्पर ठरवायचं नाही. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठं, हे त्यांना शेकडो वर्षं सोसावं लागलं आहे. आता केनियातही ते धाकटेपण घ्यायला ते तयार नव्हते. बराच ऊहापोह होऊन शेवटी तिसरी अवसरी असं ठरलं. गोकुळने मंचरला स्टँडसमोर लगेच फ्लेक्स लावला. त्यावर आम्हा सहा जणींचे आधारकार्डावरचे फोटो आणि मागे सिंह.

मला हसू यायचं. अमृतलाही यायचं. आषाढापर्यंत असं हसण्यावारी गेलं.

मग रेसियानचा लांबलचक निरोप आला. हर्षालीने तो मला वाचून दाखवला तेव्हा मी भाजी निवडत होते, ती तशीच राहिली. वस्तीत कुणाचं घर कुठे बांधायचं, हे नाशिपाई ठरवते. तीस वर्षं तिचा शब्द चालतो. आमच्या सहा घरांसाठी तिने मोठ्या माणसांकडून जागा मागून घेतली होती. आता लोक हसायला लागले होते. डबा बडवणाऱ्या बायका कधी येणार, असं पोरंसुद्धा विचारायची. मोठी माणसं म्हणाली होती, की पुढचा पाऊस होईपर्यंत कुणी आलं नाही, तर ही घरं तिने स्वतःच्या हाताने पाडायची आणि यापुढे जागा दुसऱ्या कुणी ठरवायच्या. रेसियानने शेवटी लिहिलं होतं, आई हे तुम्हाला कळवू नको म्हणाली होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. आमच्या पारावर जो तमाशा चालला होता, त्याचं दुसरं टोक एका बाईच्या मानेला बांधलेलं होतं.

सल्ले पुष्कळ मिळाले. अमृत म्हणाला, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली असं सांग. साळुबाई म्हणाली, फोन उचलूच नका, आपोआप इसरंल. जानकूभावजींचं म्हणणं, की आपण लेखी काही दिलेलं नाही. मी हर्षालीला फोन लावायला सांगितला.

नाशिपाई समोर आली. हसली नाही. मी म्हटलं, "नाशिपाई, आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. म्हणून 'येते' म्हणतात. यायचं नसलं तरी."

हर्षालीने सांगितलं. रेसियानने सांगितलं. नाशिपाईने मान खाली घातली. मागे एक गाय हंबरली. मग तिने विचारलं, "मग खरंच यायचं असलं, तर काय म्हणता?"

"तेव्हाही 'येते'च म्हणतो."

"मग मागे राहणाऱ्याला कळतं कसं?"

"कळत नाही," मी म्हटलं. "वाट बघतात."

हे तिकडे पोचल्यावर नाशिपाईने प्रथमच मान वर केली. आमच्या गावाची तिला कीव आली असावी. मग ती सावकाश काहीतरी बोलली. रेसियान थांबत थांबत सांगत होती. घर पाडायचं तिच्या हातून होणार नाही. पण पुढच्या पावसात ती फक्त स्वतःचं घर सारवेल, माझं नाही. इथली घरं सारवली नाहीत तर बसतात. माझं बसलं की ती लोकांना सांगेल, बाई येणारच होती, घरानेच दम धरला नाही.

म्हणजे माझ्यासाठी ती खोटं बोलणार होती. त्यांच्यात तशी पद्धत नसताना.

तिकडचा दुसरा पाऊस आपल्या अश्विन-कार्तिकात येतो. रेसियान दर आठवड्याला फोटो पाठवायची. मी मागितले होते. पहिल्या सरींनंतर माझ्या घराच्या छपरावर केसासारख्या भेगा दिसल्या. मग एक कोपरा काळा पडला. शेजारचं नाशिपाईचं घर मात्र गुळगुळीत. साळुबाई म्हणायची, नका बघू, डोळं मिटून घ्या. पण सारवणाला गेलेली चीर बघितली की माझी बोटं आपोआप वळतात, त्याला मी काय करू?

आणि मला आई आठवायला लागली. माझं माहेर जुन्या आंबेगावचं, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. पाणी चढायच्या आधी गाव उठवलं, त्या सकाळी मी आईला न्यायला गेले होते. सामान बैलगाडीत भरलेलं, वडील दोर आवळत होते आणि आई आत घर सारवत होती. माजघर, ओटा, चुलीपुढची जागा, सगळं. मी म्हटलं, आई, पंधरा दिवसांत इथे मासे फिरतील. ती म्हणाली, "फिरू देत. पर आपण पाय काढताना घर उकरलेलं कसं ठिवायचं?" ती दारापर्यंत सारवत मागे मागे आली आणि उंबऱ्यावरून बाहेर पडली, म्हणजे सारवणावर पाऊल उमटायला नको. त्या घराला तिने तसा निरोप दिला. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते, कारण वाळेपर्यंत थांबायचा तिचा हट्ट होता आणि ऊन चढत होतं.

मी अमृतला सांगितलं, मला केनियाला जायचं आहे. सारवायला.

तो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी ठोकाठोकी ऐकू आली. जाऊन बघते तर माझा पन्नाशीचा मुलगा पहार घेऊन मागच्या पडवीची फरशी उखडत होता. घामाने थबथबला होता. म्हणाला, "आई, हितं सारव. रोज सारव. शेण मी आणून देतो. पर त्यासाठी आफ्रिकेला नको."

सून दारात पदर नाकाला लावून उभी होती. मी ती जागा सारवली. बारा फरशांची जागा, अर्ध्या तासात झाली. चांगली झाली. हात धुतले आणि अमृतला म्हटलं, "हे माझ्यासाठी केलंस. तिथलं माझ्यासाठी नाही रे."

त्याने पहार भिंतीला टेकवली. तिकिटाचं तोच बघतो म्हणाला.

गोकुळची पुढची सहल मार्गशीर्षात होती. तोवर कोपरा टिकेल का, हे कुणालाच सांगता येईना. हर्षाली कंपनीला काय सांगून आली देव जाणे. कुशाबाई आली, कारण तिने दिवाळी म्हटलं होतं आणि दिवाळी होऊन गेली होती, त्याची तिला लाज वाटत होती. साळुबाई नाही नाही म्हणत आली. तिला वाटेला लावायला आलेले जानकूभावजी म्हणत होते, गेल्या गेल्या चतुःसीमा लिहून घ्या. बाकी तिघींनी हात जोडले. एकीच्या पोराचं लग्न अजून जमलेलं नाही, तेव्हा तिला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

वस्तीच्या कुंपणाशी गाडी थांबली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. तिकडचा पाऊस यंदा लांबला होता, रात्रीही झालेला होता. माझ्या घराचा कोपरा हातभर खाली बसला होता आणि छपराची एक बाजू उघडी पडून आतल्या काठ्या दिसत होत्या. घरांमधून माणसं बाहेर आली. पोरं आली, काठ्या टेकत मुदत घालणाऱ्यांपैकी दोन म्हातारे आले. नाशिपाई तिच्या दारातून वाकून बाहेर आली, तिने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात शेणाची पाटी होती. ती तिने माझ्या हातात दिली. जड होती.

मी पिशवी हर्षालीकडे दिली, पदर खोचला आणि लागले. पातळ कालवलंय असं मी म्हटलं. हर्षाली भाषांतर करायला पुढे आली, पण नाशिपाईने माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि तिच्या भाषेत बरंच काही सुनावलं. मी माती घातली. तिने ती वेचून बाहेर टाकली. मी परत घातली. साळुबाई म्हणाली, "अवो बाई, पाव्हण्यांच्या दारात आलाय तुमी, भांडताय काय?" आम्ही दोघींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

छपरावर मी, आपण जमिनीला घालतो तसे, बोटांचे अर्धगोल पंखे घालत चालले होते, एकाला एक लागून, आईने शिकवलेले. मला ते सुबक वाटत होते. नाशिपाईने ते पाहिले आणि तळव्याने सगळे पुसून टाकले. मी रागाने तिच्याकडे बघितलं. तिने ओंजळीत पाणी घेतलं, माझ्या एका पंख्यावर सोडलं. पाणी त्या रेघांमध्ये अडकून तिथेच उभं राहिलं. मग तिने माझा हात धरला, बोटं मिटवली आणि तळवा दाबून वरून खाली ओढला. पाणी घसरून गेलं.

आजवर मी जमीन सारवली होती, फार तर भिंत. छपराचं मला काही ठाऊक नव्हतं.

मी पहिल्यापासून घेतलं. कुशाबाईने न सांगता दुसरी पाटी भरली. म्हातारे उभ्या उभ्या कंटाळून एका झाडाखाली जाऊन बसले, तरी नाशिपाईने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. दुपारपर्यंत एक उतार झाला. दुसरा तसाच उघडा होता आणि डोंगराच्या बाजूला आभाळ भरून येत होतं. गोकुळ गाडीतून हाका मारत होता की जेवण गार होतंय. हर्षालीने त्याला सांगितलं, तुम्ही जेवून घ्या.